जोडधंदा कोणता, त्याआधी कोणत्या महिन्यासाठी?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून:

तीन एकर शेती. दोन एकर पावसावर, त्यात मका आणि सोयाबीन. उरलेल्या एकराला विहिरीचे पाणी, तिथे टोमॅटो आणि इतर भाजीपाला. घरात नवरा-बायको, साठीच्या पुढच्या सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. पिकाचे पैसे वर्षातून दोनदा हातात येतात, मधले चार-पाच महिने उधारीवर जातात. थोडी शिल्लक जमली आहे. शेतीच्या एकट्या भरवशावर राहायचे नाही म्हणून त्या चार धंदे एकदम सुरू करू पाहत आहेत: पाच शेळ्या, अंड्यांच्या कोंबड्या, आळिंबी, म्हणजे मशरूम (तिचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले आहे) आणि टोमॅटो वाळवून विकणे. एक बुडाला तर दुसरा तारेल, हा हिशेब. नवऱ्याचे म्हणणे, काय ते एकच करू पण मोठे करू. दीर सुचवतात की कर्ज काढून ५०० मांसल कोंबड्यांची शेड बांधा. पिल्ले-खाद्य देणारा आणि पक्षी उचलणारा व्यापारी त्यांच्या ओळखीचा आहे. यावरून घरात रोज वाद होतो. "कोणाचे बरोबर?" असे त्या विचारतात.

ताई,

तुम्हा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण एक की चार हा प्रश्न नंतरचा आहे. आधी तुमच्या हिशेबातले एक गृहीतक तपासू: "एक बुडाला तर दुसरा तारेल." हे खरे ठरायला एक अट आहे. दोन्ही एकाच कारणाने बुडणारे नसावेत. गुंतवणुकीच्या शास्त्रात हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये हेच गणिताने मांडले आणि पुढे १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जोखीम किती कमी होते, हे केवळ किती ठिकाणी पैसे घातले यावर ठरत नाही, ती ठिकाणे एकत्र पडतात की वेगवेगळी, यावर ठरते.

आता तुमची यादी दुष्काळी वर्षात घालून पाहा. पाऊस गेला की मका गेला, म्हणजे कोंबड्यांचे घरचे खाद्य गेले आणि बाजारातले महागले. चारा संपतो, त्याच वेळी आसपासचे सगळे शेळ्या विकायला काढतात आणि भाव पडतो. आळिंबीला काड लागते आणि खोलीत दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावे लागते. काड मिळत नाही, विहीर तळाला. टोमॅटोच नसेल तर वाळवणार काय? चार धंदे, पण पाया एकच: त्याच विहिरीचे पाणी आणि त्याच रानाचा चारा. वर त्या चौघांना राबणारे हातही तुमचेच दोन.

म्हणून धंदा निवडण्याआधी एक कागद करा. बारा महिन्यांचे बारा उभे रकाने. आडव्या ओळी चार: रोख किती आली, रोख किती गेली, घरातल्या प्रत्येकाचे रोज किती तास मोकळे आहेत, आणि पाणी-चारा किती शिल्लक असतो. रोखीच्या ओळी गेल्या वर्षीच्या वहीवरून, बिलांवरून, उधारीच्या नोंदींवरून भरा. आठवणीवर विसंबू नका, कारण उधारी आपण नेहमी कमी आठवतो. तासांची ओळ भरताना सासूबाईंना स्वतः विचारा, त्यांच्या वतीने तुम्ही भरू नका. घरच्या माणसाची मेहनत फुकट धरली की कुठलाही जोडधंदा कागदावर नफ्यात दिसतो.

हा कागद झाला की नेमके दिसेल, कोणत्या महिन्यांत पैसा हवा आणि कोणत्या महिन्यांत हात मोकळे आहेत. बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यांत सापडत नाहीत. जोडधंद्याची खरी परीक्षा तिथे आहे.

तुमच्या चार कल्पनांचा पैसा कधी येतो ते बघा. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. गाभण शेळी आणली तरी ती विणार, करडू विकण्याजोगे व्हायला आणखी आठ-दहा महिने. म्हणजे पहिला पैसा वर्षाने. शेळी ही गरजेला मोडता येणारी ठेव आहे, दरमहा मिळणारा पगार तिच्यातून निघत नाही. तुमची अडचण चार-पाच महिन्यांच्या घरखर्चाची असेल तर पहिल्या वर्षी शेळी ती सोडवणार नाही, उलट चारा मागेल. आळिंबीचा पहिला तोडा बियाणे भरल्यापासून साधारण साडेतीन-चार आठवड्यांत येतो. वाळवलेल्या टोमॅटोत माल आज अडकतो आणि पैसा काही महिन्यांनी मोकळा होतो. अंड्यांचा पैसा आठवड्याला येतो, मात्र पहिले अंडे हातात पडेपर्यंत खाद्य विकत घालावे लागते.

श्रमांचेही तसेच. पाच शेळ्या चारायला नेल्या तर रोजचे चार-पाच तास, बंदिस्त ठेवल्या तरी चारा कापून आणणे, गव्हाण, पाणी, झाडलोट मिळून दीड-दोन तास. आळिंबीला बेड भरायचे दोन दिवस अंग मोडणारे, नंतर दिवसातून थोडा थोडा वेळ. टोमॅटो वाळवण्याचे काम नेमके तोडणीच्या गर्दीत येते, जेव्हा तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. वीस-पंचवीस कोंबड्यांना रोज पाऊण तास पुरतो, पण तो एकही दिवस चुकवता येत नाही.

आधी दिरांच्या ५०० पक्ष्यांबद्दल. करार पद्धतीने कोंबडीपालन वाईटच असते असे नाही; अनेकांचे चालते. पण ५०० हा आकडा अडनिडा आहे. दारात आणि बाजारात स्वतः विकायला फार, आणि व्यापाऱ्याने खास गाडी पाठवावी इतका मोठा नाही. मांसल पक्षी ३५ ते ४२ दिवसांत सुमारे दोन किलोचा होतो. तोवर किलोभर वजनाला साधारण १.६ ते १.८ किलो खाद्य लागते. यानंतर प्रत्येक दिवशी तो दीडशे ते दोनशे ग्रॅम खातो आणि खाल्ल्याच्या मानाने वजन कमी धरतो. गाडी आठ दिवस उशिरा आली तर ५०० पक्षी सहाशे ते आठशे किलो खाद्य जादा खातील. ते कोणाच्या खात्यावर? हे लेखी विचारा. सोबत आणखी तीन गोष्टी: मरतूक किती टक्क्यांपर्यंत कोण सोसणार, पिल्ले कमजोर आली तर ठरवणार कोण, आणि दोन खेपांमध्ये शेड किती दिवस रिकामी राहील. शेड धुऊन, चुना मारून दोन-तीन आठवडे मोकळी ठेवावीच लागते, पण व्यापाऱ्याने पिल्लेच दोन महिने दिली नाहीत तर कर्जाचा हप्ता थांबत नाही. दीर मनापासून सांगत असतील, तरी ओळख हा करार नव्हे. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा बोला. आज कर्ज काढू नका.

मग करायचे काय? माझे मत असे: एक धंदा मुख्य, एक हंगामी, आणि तिसऱ्याची फक्त चाचणी. मुख्य अंड्यांचा. हंगामी जो तुमच्या यादीतच नाही, त्याकडे पुढे येते.

अंड्यांचा धंदा सुचवण्याचे कारण साधे: पैसा दर आठवड्याला येतो, काम घराच्या आवारात होते, आणि तोट्यात जातो आहे हे महिन्याभरात कळते. तो करायचा की नाही हे ठरवायला एक कस आहे. चांगली अंडी देणारी संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाद्य खाते. शंभर कोंबड्यांमागे दिवसाला ७५ अंडी धरली (कंपनीच्या तक्त्यात याहून जास्त लिहितात, घरच्या खुराड्यात ७५ धरणे शहाणपणाचे) तर एका अंड्यामागे १५३ ग्रॅम, डझनामागे सुमारे १.८५ किलो खाद्य. एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश असतो. म्हणजे डझनभर अंड्यांचा भाव पावणेतीन किलो खाद्याच्या किमतीपेक्षा जास्त मिळत असेल तरच या धंद्यात उतरा. तुमच्या भागातले दोन्ही भाव विचारा आणि भागाकार करा. पाच मिनिटांचे काम आहे. उत्तर काठावर आले तर कोंबड्या आणू नका, मी इथे काहीही लिहिले असले तरी.

गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते आणि मध्ये खुडूक बसते. सुधारित दुकाजी (अंडी आणि मांस दोन्हीसाठीच्या) जाती दीडशे ते दोनशे देतात, संकरित अंडीवाल्या २८०-३०० च्या घरात. गावठी अंड्याला भाव जास्त मिळतो आणि ती चरून निम्मे पोट भरते, पण तिच्यावर दर आठवड्याचे गिऱ्हाईक सांभाळता येत नाही. भाव चांगला मिळत असेल तर दुकाजी जात हा मधला मार्ग. वरचा हिशेब मात्र तिच्या अंड्यांच्या संख्येने पुन्हा करायचा.

कोंबड्या किती? २४. रोजची १८ अंडी, आठवड्याची सव्वाशे. त्याआधी दहा-पंधरा घरे, एखादे हॉटेल किंवा दुकान फिरून आठवड्याला कोण किती घेईल ते लिहून घ्या. "घेऊ की" या शब्दावर आकडा मांडू नका. किती आणि कोणत्या वारी, हे विचारा. शंभराच्या पुढे बेरीज गेली नाही तर १२ वरच थांबा.

चोवीसही एकदम नकोत. आधी १२, चार-पाच महिन्यांनी आणखी १२. सगळ्या एका वयाच्या असल्या की एकदम अंडी थांबवतात, पिसे झाडतात, आणि तुमचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. दोन वयाचे पक्षी ठेवण्यात रोगाचा धोका असतो, म्हणून नवे पक्षी किमान दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवायचे. आधी त्यांना दाणापाणी करायचे आणि मग जुन्यांकडे जायचे की उलट, असा प्रश्न नेहमी पडतो. उत्तर: आधी जुने निरोगी, शेवटी नवे. नव्यांकडून परत जुन्यांकडे त्याच चपलांनी जाऊ नका.

एक दिवसाची पिल्ले घेऊ नका. त्यांना ऊब देणे, रक्ती हगवण, मरतूक हे सगळे शिकेपर्यंत शिल्लक संपते. तीन-साडेतीन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, महाग वाटल्या तरी. घेताना लसीकरणाची नोंद मागा: मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस, त्याच रोगाची सहा ते आठ आठवड्यांच्या वयातली मोठी लस, आणि देवीची. नोंद नसेल तर तो कळप सोडून द्या. पुढे लासोटाची मात्रा दर दोन-तीन महिन्यांनी पाण्यातून देता येते, पण इथे बऱ्याच जणांची लस फुकट जाते. कारणे तीन: लस आणताना बर्फ नसतो (ती २ ते ८ अंशांतच टिकते), पाण्यात क्लोरीन असते, आणि पक्ष्यांना तहान नसते म्हणून पाणी तासन्‌तास पडून राहते. विहिरीचे पाणी घ्या, लिटरला अडीच-तीन ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, आधी तास-दीड तास पाणी बंद ठेवा, आणि दोन तासांत संपेल एवढेच लसीचे पाणी सकाळच्या थंड वेळेला द्या. पहिल्या वेळी पशुवैद्यकाला समोर उभे करून करून घ्या.

खुराडे सहा फूट बाय दहा फूट पुरे. पक्ष्याला दोन चौरस फूट लागतात, त्याहून थोडी जास्त जागा झाली. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. लांबीच्या बाजू दोन फूट भिंत आणि वर जाळी. जाळी अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड घ्या. षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्या-मुंगसाला बाहेर ठेवत नाही. बाहेरून फूटभर जाळी जमिनीत पुरा. खाली तुसाची तीन-चार इंचांची गादी, आठवड्यातून एकदा खालीवर करायची. आत शिरताच डोळ्यांना झोंबले तर गादी ओली आहे. ओली जागा काढून टाका, थोडा चुना मिसळा, आणि पाण्याचे भांडे गळते आहे का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच गोम असते. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असली की पाणी सांडत नाही. अंडी घालायला पाच कोंबड्यांना एक याप्रमाणे पाच खोकी, फूटभर लांबी-रुंदीची, अंधाऱ्या बाजूला. बसायला माणशी आठ इंच (कोंबडीशी म्हणा) म्हणजे सोळा फूट दांडी. फक्त खायची अंडी विकायची असतील तर नराची गरज नाही. तो नुसता खातो.

खाद्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तुमच्या घरी मका आणि सोयाबीन दोन्ही आहे आणि नुकसान नेमके तिथून होते. पहिली चूक: नुसता मका घालणे. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात १६-१७ टक्के प्रथिने लागतात, मक्यात साडेआठ-नऊ असतात. मक्यावर कोंबडी लठ्ठ दिसते आणि अंडी निम्म्यावर येतात. दुसरी चूक: घरचे कच्चे सोयाबीन दळून घालणे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. तो उष्णतेने जातो. त्यामुळे एकतर नीट भाजलेले सोयाबीन वापरा, नाहीतर आपले सोयाबीन विकून पेंड आणा. मी पेंड आणायला सांगेन, कारण घरच्या भाजणीत बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. शंभर किलोचे एक चालणारे मिश्रण: भरडलेला मका ५८, सोयापेंड २२, कोंडा ९, चुनखडीची भरड साडेआठ, आणि उरलेले अडीच किलो खनिज-जीवनसत्त्व मिश्रण, डायकॅल्शियम फॉस्फेट व मीठ मिळून. मिठाचे व खनिज मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्या. तिसरी चूक: बुरशी आलेला मका "कोंबड्यांना चालतो" म्हणून वापरणे. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृत खराब करते, आणि ते ना उकळून जाते ना वाळवून. मका १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मगच भरा.

अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि खाल्लेल्यातले निम्मेच अंगी लागते. म्हणून शिंपल्यांची भरड वेगळ्या वाडग्यात कायम ठेवा. ज्या कोंबडीला हवे ती उचलते. पाणी पक्ष्याला दिवसाला पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. तापमान तिशी-बत्तिशीच्या वर गेले की कोंबडी धापा टाकते, कमी खाते, कवच पातळ होते. छपरावर गवत किंवा पाचट टाका आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी द्या. दिवस लहान असतात तेव्हा प्रकाश १४ ते १६ तास व्हावा म्हणून पहाटे एक छोटा दिवा पुरतो. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर पक्षी अंधारात दांडी शोधत धडपडतात.

वहीत रोज दोन आकडे: अंडी किती, खाद्य किती. पहिल्या अंड्यानंतर सहा आठवड्यांनीही शंभर कोंबड्यांमागे पन्नास अंड्यांच्या खाली असाल, आणि ऊन, पिसे झाडणे, अंडी बाहेर कुठेतरी घालणे ही कारणे नसतील, तर खाद्य किंवा रोग, दोहोंपैकी एक आहे. आणि प्रत्येक अंड्यामागे थोडे पैसे बाजूला काढा: तलंगेच्या किमतीतून म्हाताऱ्या कोंबडीची विक्री वजा करा, एका कोंबडीची २४० अंडी धरून तेवढ्याने भागा. एवढे न काढणाऱ्याला दीड वर्षाने नवा कळप घ्यायला पुन्हा उसने मागावे लागते, आणि धंदा बुडाला असे म्हणत तो बंद होतो.

आता हंगामी धंदा. तुमच्या यादीतल्या चारही गोष्टी तुम्हाला नव्याने शिकाव्या लागणार आहेत. जे तुम्हाला आधीच येते ते मात्र यादीत नाही: भाजीची रोपे तयार करणे. तुम्ही टोमॅटो लावता, म्हणजे रोपे कुठून तरी आणता किंवा स्वतः करता. आसपासचे शेतकरीही तेच करतात. रोपांचा पैसा लागवडीच्या आधी येतो, म्हणजे शक्यतो तुमच्या कोरड्या महिन्यांत. ९८ कप्प्यांच्या ट्रेला सुमारे सव्वा किलो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागते. कप्प्यात एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. पाणी देऊन ट्रे एकमेकांवर रचून झाकायचे आणि उगवण दिसू लागताच त्याच दिवशी मोकळे करायचे. एक दिवस उशीर झाला की रोपे पिवळी, लांबुडकी होतात आणि पुन्हा सुधारत नाहीत. पांढरी माशी आत आली तर विषाणू तुमच्या रोपांबरोबर दहा जणांच्या शेतात जातो, म्हणून ५० मेशची कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार यावर काटकसर नको. टोमॅटो-मिरचीला २५ ते ३५ दिवस. देण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपे कणखर करा.

नियम एकच, पण तो पाळताना भिडस्तपणा आड येतो: आगाऊ रकमेशिवाय बी पेरायचे नाही. रोप ठरल्या तारखेनंतर आठवडाभरात न्यावे लागते, नंतर त्याचे पालापाचोळ्याइतकेही मोल राहत नाही. बियाण्याचे रिकामे पाकीट आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. जात वेगळी निघाल्याची तक्रार आली तर तोच पुरावा. पहिल्या हंगामात ५० ट्रे पुरेत.

आळिंबीचे प्रशिक्षण झाले आहे, ते वाया जाऊ देऊ नका, पण चाचणी दहा बेडांचीच करा, तीही २० ते २८ अंशांच्या हंगामात. काड तीन-पाच सेंटीमीटर कापून भिजवा, ६५-७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळा. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंबच यावा. धार लागली तर भरू नका. हिरव्या बुरशीचे सर्वांत मोठे कारण हा जादा ओलावा, दुसरे शिळे बियाणे. पाच किलो ओल्या काडाला दीडशे-दोनशे ग्रॅम बियाणे. पंधरा-वीस दिवस अंधार, मग उजेड, वारा आणि ८०-९० टक्के आर्द्रता. देठ लांब आणि छत्री लहान आली तर खोलीत वारा कमी आहे. कडा वाळल्या तर ओल कमी. किलोभर कोरड्या काडापासून सुरुवातीला अर्धा-पाऊण किलो ताजी आळिंबी धरा. अवघड भाग पुढचा आहे: ताजी आळिंबी साध्या हवेत एक-दोन दिवस टिकते. व्हिडिओत भरगच्च बेड दाखवतात, तिसऱ्या दिवशी न विकलेली टोपली कोणी दाखवत नाही. दहा बेडांचा माल संपूर्ण विकला गेला, तर पुढच्या वेळी तीस.

वाळवलेल्या टोमॅटोचा भागाकार ऐका. टोमॅटोत ९४ टक्के पाणी. १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर एका किलोला चौदा किलो ताजे लागतात, नासके वगळून. म्हणजे वाळवलेल्या किलोचा भाव ताज्याच्या चौदापट अधिक मजुरी अधिक पॅकिंग असा निघाला पाहिजे. भाव पडलेल्या आठवड्यात, उरलेल्या मालापुरते जमेल. धंदा म्हणून यंदा नको. करून पाहाल तेव्हा सहा-आठ मिलिमीटर जाड चकत्या करा, ५५-६० अंशांवर ठेवा. सुरुवातीलाच फार तापवले तर वरून कातडे धरते आणि आत ओल राहते, ती नंतर डब्यात बुरशी होऊन बाहेर येते. म्हणून वाळलेला माल आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवा; आतून वाफ धरली तर परत वाळवा. तेलात घालून विकण्याचा मोह टाळा. आंबटपणा मोजल्याशिवाय तो प्रकार विषारी ठरू शकतो.

शिलकीचे तीन भाग करा. एकातून खुराडे आणि पहिल्या तलंगा. दुसरा खेळते भांडवल, म्हणजे एकही अंडे न विकता तीन महिने खाद्य घालता येईल एवढी रक्कम. तिसऱ्याला हात लावायचा नाही. पहिल्या भागात १२ कोंबड्या बसत नसतील तर सहा आणा, पण दुसऱ्या भागातून उचलू नका. बहुतेक छोटे धंदे शेडवर सगळे पैसे घालून खाद्याला उधार मागतात, तिथेच अडकतात. अंड्यांचा पैसा घरखर्चाच्या डब्यात टाकू नका, वेगळी वही, वेगळे खाते. आणि काम ज्याचे, पैसा मोजायचा हक्कही त्याचा. सासूबाई रोज अंडी गोळा करणार असतील तर महिन्याला त्यांच्या हातात ठरलेली रक्कम द्या, थोडी का असेना.

नवऱ्याशी बोलताना बारा रकान्यांचा कागद मध्ये ठेवा. त्यांच्या "एकच करू पण मोठे करू" यातले "एकच", म्हणजे मुख्य धंदा एकच, एवढे मान्य करा, तुमचे "शेतीवरच विसंबायचे नाही" हे त्यांनी मान्य करावे. शेळ्यांचा विषय वर्षभराने काढा, तेव्हा कागदावर चाऱ्याची ओळ खरी भरलेली असेल. दोन गाभण शेळ्यांपासून सुरुवात करा, पाचांपासून नको. या आठवड्यात फक्त तीन कामे: कागद भरणे, खाद्य आणि अंड्यांचा भागाकार, आणि पंधरा दारे. खुराड्याचे सामान त्यानंतर.